काळाने न लावलेल्या जोडी

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिकेतील आणि कॅनडातील शेकडो चित्रपटगृहांत पैसे मोजून बसलेल्या प्रेक्षकांना जे मुष्टियुद्ध पाहावयास मिळाले, त्यातील एक योद्धा साडेचार महिन्यांपूर्वी विमान-अपघातात मरण पावलेला होता आणि दुसऱ्यास त्याच्या स्वतःच्या देशात रिंगणात उतरण्याचा परवाना नव्हता. मृत योद्धा रॉकी मार्सियानो. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन या गावी बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या एका इटालियन मजुराच्या पोटी जन्मलेला हा गडी ४९ लढती खेळला, ४९ जिंकला, त्यांपैकी ४३ प्रतिस्पर्ध्यांना त्याने मुदत संपण्यापूर्वीच गारद केले, आणि एकाही पराभवाची खोट नसलेला असा जमाखर्च मांडून १९५६ साली त्याने निवृत्ती पत्करली. जिवंत योद्धा मुहम्मद अली. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात दाखल होण्याचा हुकूम त्याने १९६७ च्या एप्रिलमध्ये नाकारला, आणि तोवर २९ पैकी २९ लढती जिंकलेल्या या माणसाचे अजिंक्यपद व परवाना ही दोन्ही काढून घेण्यात आली. मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा अली लुईव्हिलमध्ये १४ वर्षांचा शाळकरी पोरगा होता. अशी ही जोड काळाने लावलेली नव्हती. ती मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या एका रेडिओ-निर्मात्याने लावली आणि तिचा फैसला गणकयंत्रावर सोपविला.

निरनिराळ्या पिढ्यांतील वीरांना कल्पनेत समोरासमोर उभे करून स्वतः हमरीतुमरीवर येण्याची चाल मुष्टियुद्धाच्या शौकिनांत फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवरील स्टिलमनच्या तालमीत, ब्रॉडवेवर जॅक डेम्प्सीने निवृत्तीनंतर चालविलेल्या उपाहारगृहात, केशकर्तनालयांत आणि वृत्तपत्रांच्या क्रीडाविभागांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वोरोनरची करामत एवढीच, की त्याने या फुकटच्या वादाचा व्यापार केला. १९६७ साली त्याने १६ हेवीवेट वीरांची एक स्पर्धा रेडिओवर भरविली. जाणकार व पत्रकार यांच्याकडून मते मागविली, प्रत्येक वीराचा वेग, ठोशाचे बळ, मार सोसण्याची ताकद, रक्तबंबाळ होण्याची प्रवृत्ती इत्यादी गुणावगुण आकड्यांत उतरविले आणि ते सारे एनसीआर ३१५ या नावाच्या यंत्राच्या हवाली केले. यंत्राने जे सांगितले ते निवेदक, जणू प्रत्यक्ष रिंगणाशेजारीच बसला आहे अशा आवेशाने, फेरीगणिक वर्णन करून ऐकवी. या स्पर्धेत अंतिम लढत मार्सियानोने डेम्प्सीला हरवून जिंकली. अली मात्र उपान्त्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून पराभूत झाला, आणि त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

या फिर्यादीला हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेफ्रीज हा केवळ कोणी जुना विजेता नव्हता. अजिंक्य असतानाच १९०५ साली निवृत्त होऊन शेतीवाडीत रमलेल्या या धिप्पाड गोऱ्या माणसाला, जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय १९०८ च्या डिसेंबरात सिडनी येथे अजिंक्यपद मिळविता झाला तेव्हा, वंशाची अब्रू राखण्यासाठी पुन्हा बोलावण्यात आले. जॅक लंडनसारख्या लेखकाने त्याला जाहीर हाक घातली. जेफ्रीजने अंगावर चढलेले ढीगभर वजन उतरविले आणि ४ जुलै १९१० रोजी नेव्हाडातील रीनो येथे, रणरणत्या उन्हात, तो जॉन्सनसमोर उभा राहिला. लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली होती. १५ व्या फेरीत जेफ्रीज संपला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या, कृष्णवर्णीयांचे मुडदे पडले, आणि दोन वर्षांनी मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला बंदी करणारा कायदा अमेरिकेने संमत केला. यानंतर गोऱ्या अमेरिकेने जो युक्तिवाद काढला तो असा, की हरला तो १९१० चा जेफ्रीज; १९०४ चा जेफ्रीज असता तर जॉन्सनची धडगत नव्हती. आपल्या भरात असतानाही आपण जॉन्सनला हरवू शकलो नसतो असे खुद्द जेफ्रीजने कबूल केल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले. परंतु त्याच्या पक्षकारांना त्याची साक्ष नको होती. त्या न झालेल्या लढतीने त्यांची झालेल्या लढतीपासून सुटका केली होती. हे ज्याला माहीत आहे, आणि जॉन्सनच्या आयुष्यात ज्याला आपलेच आयुष्य दिसत होते, त्या अलीला एका यंत्राने नेमके जेफ्रीजच्याच हातून आडवे करावे, यात त्याला अपमान दिसला असेल तर तो चुकला असे मला म्हणवत नाही.

फिर्यादीची परिणती तडजोडीत झाली. अलीने मार्सियानोशी चित्रपटापुरते लढावे, दहा हजार डॉलर आणि नफ्यात काही वाटा घ्यावा, असे ठरले. परवाना गेल्यामुळे अलीची मिळकत आटलेली होती. १९६९ साली मायामीच्या एका बंद स्टुडिओत दोघांनी मिनिट-मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या खेळून दाखविल्या. मार्सियानोने त्यासाठी पन्नासेक पौंड वजन घटविले, विरळ झालेल्या डोक्यावर केसांचा टोप चढविला. अली दोन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीने सुटलेला होता. ठोसे बहुतांशी अंगावर, हलक्या हाताने, रक्त नकली. शेवट अनेक प्रकारचे चित्रित करून ठेवले होते आणि त्यांतला कोणता दाखविला जाणार याची दोघांनाही वार्ता नव्हती. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट रोजी, आपल्या ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, आयोवातील न्यूटन गावाजवळ विमान कोसळून मार्सियानो वारला.

अमेरिकेतील प्रेक्षकांनी जो शेवट पाहिला त्यात १३ व्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळविले. युरोपात जो दाखविण्यात आला त्यात मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबवून अलीला विजयी ठरविले होते. निःपक्षपाती म्हणून ज्याची द्वाही फिरविली त्या यंत्राने समुद्राच्या दोन तीरांवर दोन निवाडे दिले, आणि दोन्हीही तेथील तिकीट काढणाऱ्यांच्या पसंतीचे. हे यंत्र अलाबामात बनविलेले असणार, असा शेरा अलीने मारला. वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या राज्याचा उल्लेख त्याने उगाच केलेला नव्हता. वोरोनरच्या लबाडीवर रागावण्याचे मला फारसे कारण दिसत नाही. आकडे घालणारे हात माणसांचे होते, शेवट निवडणारे हात माणसांचे होते, आणि ज्या जाणकारांच्या मतांवर सारी इमारत उभी होती त्यांनी आपापले पूर्वग्रहच टपालाने पाठविले होते.

खरे तर यंत्राची गरज नव्हती. दोघांनाही प्रत्यक्ष भिडलेला एक साक्षीदार हयात होता. आर्ची मूर हा मुष्टियुद्धाच्या इतिहासातील फार मोठा कारागीर. त्याची जन्मतारीख त्याची आई एक सांगे आणि तो स्वतः तीन वर्षांनी अलीकडची दुसरी सांगे, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. २१ सप्टेंबर १९५५ रोजी यांकी स्टेडियममध्ये त्याने मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली पाडले, आणि मग नवव्या फेरीत तो स्वतः संपला. ती मार्सियानोची अखेरची लढत. १५ नोव्हेंबर १९६२ रोजी लॉस एंजेलिस येथे २० वर्षांच्या कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, त्याच मूरला चौथ्या फेरीत संपविले. मार्सियानोला नऊ फेऱ्या लागल्या, अलीला चार. सबब अली श्रेष्ठ, असे त्रैराशिक कोणी मांडू लागला तर त्याला थांबवावे लागते. १९५५ चा मूर चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, अर्ध-हेवीवेट गटाचा राज्य करणारा विजेता होता. १९६२ चा मूर मुख्यतः नावावर जगत होता. साक्षीदार एकच, पण जबान्या दोन वेगळ्या माणसांच्या.

या त्रैराशिकाचा पोकळपणा १९७० नंतरच्या पाच वर्षांनी जितका उघडा पाडला तितका कोणत्याही तार्किकाने पाडला नसेल. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने अलीला १५ फेऱ्यांनंतर गुणांवर हरविले. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळविले. त्याच वर्षी मार्चअखेरीस केन नॉर्टनने सॅन डिएगोत अलीचा जबडा मोडून लढत जिंकली, आणि पुढच्या मार्चमध्ये फोरमनने काराकास येथे नॉर्टनचा दुसऱ्याच फेरीत चुराडा केला. ज्या दोघांनी अलीला हरविले त्या दोघांना फोरमनने मिळून चार फेऱ्याही उभे राहू दिले नव्हते. हिशेबाने पाहिले तर ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे किन्शासा येथे अलीचा जीव वाचला तरी पुष्कळ, असेच जाणत्यांना वाटत होते. आठव्या फेरीत फोरमन पाठीवर पडलेला होता. मुष्टियुद्धात श्रेष्ठता एका शिडीवर चढत जात नाही. बुटक्या, वाकून आत घुसणाऱ्या, डाव्या हाताने आकडेबाज ठोसा मारणाऱ्या फ्रेझरपाशी जे होते ते अलीला अडचणीचे होते आणि फोरमनला सोयीचे. फोरमनपाशी जे होते ते अलीने दोरखंडांना टेकून, त्याच्या ठोशांनी त्यालाच दमवून, निकामी केले. म्हणून ‘अमका तमक्याहून मोठा’ या विधानाचा ‘अमका तमक्याला हरवील’ या विधानाशी संबंध असतो तो दूरच्या नात्याचा.

मग या वादात अर्थ तरी काय उरतो? माझ्या मते पुष्कळ उरतो, परंतु तो लढणाऱ्यांच्या मुठींत नसून लढतीच्या अटींत आहे. दोन भिन्न काळांतील माणसांना समोरासमोर आणणारा प्रत्येक जण नकळत एक काळ पंच म्हणून नेमतो, आणि निकाल निम्माशिम्मा त्या नेमणुकीतच लागून जातो. व्हर्जिलला हे ठाऊक होते. त्याच्या ‘एनीड’ महाकाव्याच्या पाचव्या सर्गात तरणाबांड दारेस ताठ मानेने आव्हान देतो आणि कोणी पुढे येईना तेव्हा सिसिलीचा म्हातारा एन्टेलस आपल्या दिवंगत गुरूचे, बैलांच्या सात कातड्यांचे, शिसे आणि लोखंड शिवलेले हातबंद रिंगणात फेकतो. ते पाहूनच दारेस मागे सरतो. तेव्हा एनियस दोघांना सारख्या वजनाचे हातबंद आणवून देतो, आणि मगच लढत सुरू होते. तीत म्हातारा जिंकतो. आपल्या भागवतातही मथुरेच्या रंगमंडपात चाणूर आणि मुष्टिक यांच्यापुढे दोन कोवळ्या मुलांना उभे केलेले पाहून तेथील स्त्रिया, अशी विषम जोड जी सभा पाहत बसते तिला अधर्माचा दोष लागतो, असे एकमेकींस म्हणतात. जोड लावणाऱ्याची जबाबदारी लढणाऱ्यापेक्षा मोठी आहे, ही समज फार प्राचीन आहे.

अटींचे माहात्म्य किती, याचा दाखला कुस्तीत आपल्या परिचयाचा आहे. गामा पैलवान १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोशी भिडला तेव्हा अडीच तासांहून अधिक काळ झ्बिस्को गादीला चिकटून बसला आणि कुस्ती निकाली झाली नाही. १९२८ साली पतियाळ्याच्या मातीच्या आखाड्यात त्याच दोघांची जोड पुन्हा लागली. गामाने ती मिनिटाच्या आत संपविली. माणसे तीच. गादीच्या जागी माती आली, विलायती नियमांच्या जागी देशी आले, दोघांच्याही वयात १८ वर्षांची भर पडली, आणि अडीच तासांचे एक मिनिट झाले.

मुष्टियुद्धात अटी किती पालटल्या आहेत ते पाहावे. १८८९ साली जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन मिसिसिपीत उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. जॉन्सनच्या काळी ४५ फेऱ्यांपर्यंत मुदत असे, पुढे ती १५ वर स्थिरावली. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीकडून मार खाल्लेला कोरियाचा किम दुक-कू शुद्धीवर न येता काही दिवसांनी मरण पावला, आणि त्यानंतर हळूहळू सर्व संघटनांनी अजिंक्यपदाची लढत १२ फेऱ्यांची केली. निर्णय माणुसकीचा होता. परंतु तो मागील काळाला लावून पाहिला की इतिहासाची कशी उलथापालथ होते! २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून अजिंक्यपद घेतले ते १३ व्या फेरीतील एका उजव्या ठोशाने. त्याआधी तिन्ही गुणपत्रकांवर तो मागे होता. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन जो लुईला १२ फेऱ्या खेळवून गुणांवर पुढे होता आणि १३ व्या फेरीत, गुणांवर जिंकता आले असते तेथे ठोशाने जिंकण्याच्या मोहात पडून, पराभूत झाला. १९८१ साली शुगर रे लेनर्डने टॉमस हर्न्सला १४ व्या फेरीत गाठले तेव्हा तोही मागेच होता. म्हणजे १२ फेऱ्यांचा कायदा असता तर मार्सियानोच्या ४९ विजयांत एक पराजय आला असता, लुईचे १२ वर्षांचे राज्य मध्येच खंडित झाले असते. उलट, २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या भयंकर उष्म्यात, ज्या उष्म्याने पंचालाच दहाव्या फेरीनंतर बदलावे लागले, शुगर रे रॉबिन्सन जोई मॅक्सिमवर स्पष्ट आघाडी घेऊन १४ व्या फेरीसाठी उठू शकला नाही. आजच्या कायद्याने तो तिसऱ्या वजनगटाचाही विजेता ठरला असता.

डेम्प्सीची गोष्ट याहून चमत्कारिक. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे त्याने जेस विलर्डला, आपल्याहून साठेक पौंड जड असलेल्या साडेसहा फुटी माणसाला, पहिल्या फेरीत सात वेळा पाडले. त्या काळी पडलेल्याच्या उशाशी उभे राहून तो उठत असतानाच पुन्हा मारण्याची मुभा असे, आणि डेम्प्सीने ती मनसोक्त वापरली. पुढे नियम झाला, की प्रतिस्पर्धी पडताच दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जावे, तोवर पंचाने मोजणी सुरू करू नये. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत सातव्या फेरीत जीन टनी खाली पडला तेव्हा डेम्प्सी जुन्या सवयीने तेथेच उभा राहिला. पंच त्याला कोपऱ्यात पाठवीपर्यंत काही क्षण गेले, टनीला चौदाएक सेकंद मिळाले, आणि तो उठून लढत जिंकून गेला. एकाच माणसाला दोन काळांच्या कायद्यांनी एकदा तारले, एकदा बुडविले. मग ‘डेम्प्सी विरुद्ध माइक टायसन’ असा प्रश्न टाकणाऱ्याला मी प्रथम विचारीन, की कोपऱ्याचा नियम आहे की नाही? नसेल तर मी डेम्प्सीवर पैसे लावीन.

काळाने वेगवेगळ्या पिढ्यांच्या भेटी मुळीच घडविल्या नाहीत असे नव्हे. घडविल्या, परंतु जवळजवळ प्रत्येक वेळी ज्येष्ठाला उशिरा बोलावून. जेफ्रीजची कथा सांगितलीच. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मार्सियानोने आठव्या फेरीत ज्या जो लुईला दोरांबाहेर फेकले तो ३७ वर्षांचा, करांच्या थकबाकीने पिडलेला, पैशासाठी परतलेला लुई होता. लढतीनंतर मार्सियानो त्याच्या खोलीत जाऊन रडला असे सांगतात. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सने, जो पूर्वी अलीच्याच सरावाचा जोडीदार होता, ३८ वर्षांच्या अलीला दहा फेऱ्या असा मारला की अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने ती लढत थांबविली. सात वर्षांनी होम्स स्वतः ३८ वर्षांचा झाला आणि चौथ्या फेरीत २१ वर्षांच्या टायसनच्या हातून पडला. या भेटींतून सिद्ध काय झाले? पंचविशीचा माणूस चाळिशीकडे झुकलेल्या माणसापेक्षा चपळ असतो, एवढेच. आणि त्यासाठी कोणाला रक्तबंबाळ करण्याची गरज नव्हती. अपवाद एकच सांगण्याजोगा. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगास येथे ४५ वर्षांचा फोरमन, किन्शासात वीस वर्षांपूर्वी घातलेली तीच चड्डी घालून, मायकेल मूररसमोर उभा राहिला, नऊ फेऱ्यांपैकी बहुतेक हरला, आणि दहाव्या फेरीत एका सरळ उजव्याने अजिंक्य झाला. सत्तरीच्या दशकाचे पक्षकार आजही हा निकाल खिशात घेऊन हिंडतात, आणि तो दाखविताना मूरर हा काही नव्वदीच्या दशकातील सर्वश्रेष्ठ योद्धा नव्हता हे सांगावयास सोयीस्करपणे विसरतात.

वयाचे हे वैगुण्य दूर करावे म्हणून ‘ऐन भरातला’ ही अट वादात घातली जाते. ऐन भर म्हणजे नेमके केव्हा हे ठरवावयाचे तर चित्रफिती पाहाव्या लागतात, आणि तेथेही काळ पक्षपात करतोच. मूकपटांच्या काळातील फिती हाताने चाक फिरवून, सेकंदाला कमी चित्रे या प्रमाणात घेतलेल्या. त्या पुढच्या यंत्रावर चालविल्या की जॉन्सनसारखा संथ, हिशेबी, प्रतिस्पर्ध्याचे हात हवेतच पकडणारा कलावंत लुटुलुटु धावणारा विदूषक दिसू लागतो, आणि तरुण प्रेक्षक हसून म्हणतो, की याला तर आजचा कोणीही मारील. हॅरी ग्रेबची अवस्था याहून वाईट. तो सुमारे तीनशे लढती खेळला, उत्तरायुष्यात एका डोळ्याने जवळजवळ आंधळा असताना खेळला, आणि जीन टनीच्या उभ्या कारकीर्दीतील एकमेव पराभव त्याच्याच नावावर आहे; पण त्याच्या एकाही लढतीची फीत आज ज्ञात नाही. परिणामी काल्पनिक जोडी लावणारे त्याचे नाव आदराने घेतात आणि पुढे जातात. ज्याची फीत नाही त्याची बाजू मांडणारा कोणी नाही.

उलटपक्षी, ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या साक्षीतही एक मेख असते. १९२२ साली ‘द रिंग’ हे मासिक काढून अर्धशतक ते चालविणारा नॅट फ्लायशर याच्याइतक्या लढती क्वचितच कोणी पाहिल्या असतील. त्याने जॅक जॉन्सनला सर्व हेवीवेट वीरांत पहिले स्थान दिले आणि १९७२ साली मरेपर्यंत अलीला पहिल्या दहांत घेतले नाही. जॉन्सन अजिंक्य झाला तेव्हा फ्लायशर एकविशीत होता. आपल्याकडेही विजय मर्चंटांना ब्रेबर्नवर खेळताना पाहिलेल्या वृद्धाला, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ब्रॅडमनखालोखाल ७१.६४ ची सरासरी कोणाची, हे विचारून पाहावे. तेंडुलकरचा विषय निघाला तरी तो पुढे सरकू देणार नाही.

आधुनिकांचा हुकमी एक्का म्हणजे देहाचे आकारमान. मार्सियानो १८५-८८ पौंडांचा, डेम्प्सी तेवढाच, लुईसुद्धा अजिंक्य झाला तेव्हा दोनशेच्या आत. आजच्या वर्गवारीत २०० पौंडांपर्यंतचा क्रूझरवेट नावाचा निराळा गटच आहे आणि हे सारे महापुरुष तेथेच बसतील. लेनक्स लुईस, क्लिच्को बंधू, टायसन फ्युरी या साडेसहा फुटांच्या आसपासच्या पर्वतांपुढे त्यांनी कोठे मारावयाचे? हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. पण १८ मे २०२४ रोजी रियाध येथे, मूळ क्रूझरवेट गटातून आलेल्या ओलेक्सांद्र उसिकने आपल्याहून अर्धा फूट उंच आणि कितीतरी जड असलेल्या फ्युरीला गुणांवर हरविले व डिसेंबरात पुन्हा हरविले, तेव्हापासून हा आक्षेप पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात घेतला जात नाही. शिवाय लुईला आजच्या आहारशास्त्राचा व व्यायामपद्धतीचा लाभ द्यावयाचा की १९३८ चाच देह घेऊन त्याला येथे आणावयाचे, हे आधी ठरवावे लागते. आणि देऊ केला तर मग फ्युरीने १९३८ च्या हलक्या हातमोज्यांनी, १५ फेऱ्या, रक्त पाहून न घाबरणाऱ्या पंचासमोर लढावयास तयार असावे.

एक गोष्ट मात्र या वादाला नुसता निरुद्योगी लोकांचा खेळ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. जिम जेकब्स याने आयुष्यभर जुन्या लढतींच्या फितींचा प्रचंड संग्रह जमविला. कॅट्स्किल येथे प्रशिक्षक कस डामाटोच्या घरी राहणाऱ्या एका उनाड पोराने त्या फिती रात्ररात्र पाहिल्या, डेम्प्सीचा वाकून घुसण्याचा आवेश उचलला, त्याचे मोज्यांवाचूनचे बूट आणि काळी चड्डीही उचलली, आणि २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या २० व्या वर्षी, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत आडवे करून तो, म्हणजे माइक टायसन, इतिहासातील सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. बर्बिक हा अलीला अखेरच्या लढतीत हरविलेला माणूस. काल्पनिक जोडी लावीत बसलेल्या दोन शौकिनांनी एक खरा योद्धा असा घडविला.

शुगर रे रॉबिन्सनविषयी वाद घालण्याची मला इच्छा नाही. १९५१ च्या प्रारंभापर्यंत शंभराहून कितीतरी अधिक लढती जिंकून एकच, जेक लामोटाशी, हरलेला आणि त्या लामोटाला पाच वेळा हरविलेला वेल्टरवेट ज्यांना २१ वर्षांत ५० लढती खेळलेल्या फ्लॉइड मेवेदरपुढे संशयास्पद वाटतो त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. वजन त्याच दिवशी करावयाचे आणि फेऱ्या १५, एवढे लिहून द्या, मग बोलू.

राहता राहिली वोरोनरची जोड. १९६६ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत नाचवीत संपविणारा अली आणि १९५२ चा मार्सियानो, फेऱ्या १५. अलीचा हात दहाएक इंच लांब, पाय अखंड चालते, आणि डाव्याचा सरळ ठोसा नेमका भुवईवर बसणारा. मार्सियानोची कातडी पटकन फाटणारी. १७ सप्टेंबर १९५४ रोजी एझर्ड चार्ल्सने त्याचे नाक असे फाडले होते, की आजच्या डॉक्टरने ती लढत तेथेच थांबविली असती. तेव्हाच्याने ती चालू दिली आणि मार्सियानोने चार्ल्सला संपविले. मार्सियानोचे मोठे बळी, लुई, वॉलकॉट, मूर, सारे पस्तिशी ओलांडलेले होते. २४ वर्षांचा, मागे सरकत मारणारा, सव्वासहा फूट उंच माणूस त्याला कधी भेटलाच नाही. आजचा डॉक्टर रिंगणाशेजारी बसला असेल तर माझ्या मते अली नवव्या-दहाव्या फेरीत जखमांवर जिंकतो. १९५४ चा डॉक्टर बसला असेल तर लढत पुढे जाते, बाराव्या फेरीअखेर अली गुणांवर चांगलाच पुढे असतो, आणि उरलेल्या तीन फेऱ्या तो धावण्यात घालवितो. मार्सियानोचा पक्षकार यावर वॉलकॉटच्या त्या तेराव्या फेरीचा दाखला काढील. त्याला तो अधिकार आहे, आणि फ्रेझरने १९७१ साली पंधराव्या फेरीत अलीला कसा पाडला होता याचीही तो आठवण देईल. त्यावर माझे म्हणणे असे, की तो साडेतीन वर्षे बसवून ठेवलेला अली होता.